कमी धावलेली जुनी सेडान घरी कशी सांभाळायची: किलोमीटर नाही, तारखा बघा

"डॉक्टरांची गाडी, फर्स्ट ओनर, २००६ मॉडेल, फक्त ३८ हजार रनिंग." अशी गाडी दिसली की हात शिवशिवतात, आणि का नाही शिवशिवणार, आतून नवीन वाटते, सीटला डाग नाही, इंजिनचा आवाज गोड. कुणाला अशी गाडी विकत मिळते, कुणाच्या आईवडिलांनी सोसायटीत कव्हर घालून जपलेली असते आणि आता ती आपल्याकडे येते. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, म्हणजे ज्यांनी आजपर्यंत पाना हातात धरलेला नाही पण शिकायची इच्छा आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. कमी धावलेली गाडी म्हणजे कमी वयाची गाडी नाही. पिस्टन, बेअरिंग, गिअर हे धावून झिजतात, ते तुमच्या गाडीत मस्त असणार. पण रबर, ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल, बॅटरी, टायर, गॅस्केट (दोन भागांमध्ये बसवलेलं सील) ह्यांना किलोमीटरशी फारसं देणंघेणं नसतं, ते नुसते पडून पडूनच खराब होतात. सर्व्हिस बुकमध्ये बघा, जवळपास प्रत्येक कामापुढे "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते" असं असतं. लोक पहिला अर्धा वाचतात आणि दुसरा सोडून देतात, आणि "अजून दहा हजार झालेच नाहीत" म्हणत तेच ऑईल चार चार वर्षं चालवतात. आपल्या गाडीला फक्त दुसरा अर्धा लागू आहे.

उदाहरण म्हणून मी होंडा सिटीची २००३ ते २००८ ची पिढी घेतोय, जिच्या नंतरच्या गाड्या आपण झेडएक्स म्हणून ओळखतो, त्यातलं १.५ लिटरचं आयडीएसआय नावाचं पेट्रोल इंजिन. अशा पुष्कळ गाड्या अजून घराघरात कमी रनिंगवर उभ्या आहेत आणि घरी शिकायला ही गाडी चांगली आहे. तुमच्याकडे एस्टीम, बलेनो, ॲक्सेंट, एसएक्स४ काहीही असलं तरी नव्वद टक्के हेच लागू पडेल, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

आधी सामान, आणि त्याहून आधी सेफ्टी

८ ते १९ नंबरचे रिंग पाने, सॉकेटचा एक बरा सेट, लांब एक्स्टेन्शन, स्पार्क प्लगचं सॉकेट, डिजिटल मल्टिमीटर (हा साधा घेतला तरी चालतो), टायरचा प्रेशर गेज, डोक्याला लावायचा टॉर्च, नायट्राइल ग्लोव्हज, आणि जमलं तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना. टॉर्क रेंच महाग वाटतो पण नवशिक्याला त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते, कारण अनुभवी मेकॅनिकचा हात सांगतो किती आवळायचं, आपला हात अजून ते सांगत नाही, आणि ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की खर्च कुठल्या कुठे जातो. गाडीचं ओनर्स मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये नसेल तर शोधून डाऊनलोड करून फोनमध्ये ठेवा.

आता नीट वाचा. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही, एका मिनिटासाठी पण नाही, खाली पडलेला नट काढायला पण नाही. खाली जायचं असेल तर जॅक स्टँडची (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) जोडी लागतेच. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड ह्यांच्यावर गाडी कधीच टेकवू नका, वीट वजनाखाली अचानक फुटते, आधी सूचना देत नाही. फरशी सपाट आणि पक्की पाहिजे, जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि पुढची बाजू उचलताना हँडब्रेक ओढलेला. जॅक लावायची जागा दरवाजाखालच्या पत्र्याच्या कडेला खाच करून दाखवलेली असते, तिथेच लावा. सिटीत हे जास्त महत्त्वाचं, कारण ह्या पिढीत पेट्रोलची टाकी मागे नसून पुढच्या सीटांच्या खाली आहे, मधोमध कुठेतरी जॅक टेकवला तर तो सरळ टाकीवर येऊ शकतो.

आणि घरी काय करायचंच नाही तेही आत्ताच सांगून ठेवतो: सस्पेन्शनची स्प्रिंग काढणं, एअरबॅग आणि स्टिअरिंगचं काम, एसीचा गॅस, प्रेशरमधली पेट्रोल लाइन. हे गॅरेजलाच करा. ह्यात शिकताना झालेली चूक जिवावर बेतते.

पायरी १: काही न उघडता नुसती बघा

पहिला रविवार ह्यालाच द्या. सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि नुसतं बघा. हाताने होजपाइप दाबून बघा, कडक किंवा चिकट लागतोय का, टोकाला क्लिपपाशी फुगलाय का. फॅन बेल्ट उलटा करून आतल्या बाजूला आडव्या चिरा दिसतात का बघा. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेने ऑईलचे ओघळ आहेत का, कारण तिथलं रबरी गॅस्केट वयाने कडक होतं आणि पाझरायला लागतं, ह्या वयाच्या गाडीत हे अगदी कॉमन आहे, घाबरू नका. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग कुठे आणि कसला पडलाय ते बघा. काळा चिकट म्हणजे इंजिन ऑईल, हिरवा, निळा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट, चाकाजवळ पातळ तेलकट डाग असेल तर ब्रेक ऑईल समजा आणि गाडी हलवू नका. एसी लावल्यावर पडणारं स्वच्छ पाणी नॉर्मल आहे.

पेट्रोलचा वास येत असेल तर स्टार्ट न करता मेकॅनिकला घरी बोलवा.

मग उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू हाच आहे आणि सर्व्हिस बुकमध्ये त्याचं नाव नसतं. एअर फिल्टरचा डबा उघडा, त्यात कापूस, पालापाचोळा, लेंड्या आहेत का बघा. वायरिंगचं वरचं आवरण कुरतडलंय का, विशेषतः इंजेक्टर आणि कॉइलकडे जाणाऱ्या वायरी, बॉनेटच्या आतलं इन्सुलेशन फाडलंय का. वायर कुरतडलेली दिसली तर टेप गुंडाळून भागवू नका, ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नीट सोल्डर करून हीट श्रिंक चढवून घ्या. उपाय म्हणून लोक तंबाखूची पानं ठेवतात, स्प्रे मारतात, मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक पडतो तो गाडी नियमित हलवल्याने आणि जवळ कचऱ्याचा डबा नसल्याने.

वायपरच्या खालची जाळी पण बघा. गुलमोहर किंवा पिंपळाखाली गाडी लावत असाल तर तिथे पानांचा थर साचतो, पाणी जायची वाट बंद होते, आणि पावसाळ्यात तेच पाणी आतल्या कार्पेटखाली उतरतं. हाताने पानं काढा, बाटलीने पाणी ओतून बघा, चाकामागून खाली पडलं पाहिजे. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात पाणी आहे का तेही बघून घ्या. मुंबई, कोकण, गोव्याकडची गाडी असेल तर दरवाजाच्या खालच्या कडा आणि चाकाच्या कमानी बोटाने चाचपा, रंग फुगलेला असेल तर खाली गंज आहे.

पायरी २: बॅटरी

रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.० च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता गाडी चालू करून परत बघा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. हे दोन आकडे घेतले की "बॅटरी गेली का अल्टरनेटर" हा वाद घरच्या घरी मिटतो, नाहीतर दुकानवाला नवीन बॅटरी गळ्यात मारतो आणि महिन्याने ती पण बसते.

टर्मिनलवर पांढरी हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हे उलटं केलं आणि पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते. काही गाड्यांत बॅटरी काढली की म्युझिक सिस्टम कोड मागते, तो कोड आधी शोधून ठेवा.

आता सगळ्या घरात जे होतं त्याबद्दल. बाबा रोज सकाळी खाली जाऊन गाडी पाच मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करून वर येतात. हेतू चांगला आहे पण ह्याने गाडीचं नुकसानच होतं. स्टार्टला जेवढा करंट गेला तेवढा पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून निघत नाही, इंजिन पूर्ण तापत नाही, ज्वलनातून तयार झालेलं पाणी ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच काढा पण अर्धा तास नीट चालवा, थोडा हायवे मिळाला तर उत्तम, एसी चालू ठेवून. एसीच्या काँप्रेसरचं सील त्यातल्या ऑईलनेच ओलं राहतं, म्हणून पावसाळ्यात, थंडीत पण दहा मिनिटं एसी लावायचाच. खरंच बाहेर काढणं शक्य नसेल तर स्मार्ट चार्जर घ्या.

पायरी ३: टायर

नक्षी बघून फसू नका, कमी धावलेल्या गाडीत नक्षी नेहमीच छान असते. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१४ असेल तर २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. चार आकडे बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील. पाच सहा वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचा, कडेला बारीक चिरा दिसल्या की बदलायचा, आणि दहा वर्षांच्या पुढे तो कितीही नवा दिसला तरी ठेवायचा नाही. पुणे मुंबई एक्सप्रेसवेवर उन्हाळ्यात जुन्या टायरवर १०० ने जाणं म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणं, ह्यात मी कुणाचंही "अजून चालेल" ऐकत नाही. स्टेपनीची तारीख पण बघा, ती बहुतेक वेळा गाडीच्याच वयाची निघते.

प्रेशर सकाळी थंड टायरवर मोजा, आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. चाकाचे नट आवळताना चांदणीच्या क्रमाने, एकमेकांच्या समोरचे. सिटीसाठी टॉर्क १०८ न्यूटन मीटर.

पायरी ४: इंजिन ऑईल, पहिलं खरं काम

नवशिक्याने हात काळे करायचे तर इथून सुरुवात करा. नियम: रनिंग काहीही असो, वर्षातून एकदा ऑईल आणि फिल्टर.

इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा, कडकडीत नको. पुढची बाजू स्टँडवर घ्या. वरचं टोपण उघडा. खाली परात ठेवा, ड्रेन बोल्ट (होंडाला १७ चा) सैल करा आणि शेवटचे आटे हाताने काढताना बोल्ट आत दाबून धरत फिरवा, म्हणजे सुटल्यावर झटकन बाजूला घेता येतो. ऑईल पूर्ण निथळू द्या, ह्याला वेळ द्या, चहा पिऊन या. मग नवीन वॉशर घालून बोल्ट लावा, ४० न्यूटन मीटरच्या आसपास बास होतं, ताकद लावून आवळू नका, ऑईल पॅन ॲल्युमिनियमची असते. वॉशर मऊ धातूचा, एकदाच वापरायचा.

फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना हे बोट फिरवून बघा. राहिलं आणि त्यावर नवीन लावला तर दोन रबरं एकावर एक बसतात आणि रस्त्यात सगळं ऑईल बाहेर येतं. नवीन फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट लावा, हाताने फिरवत टेकवा आणि टेकल्यावर पाऊण फेरा. पान्याने नाही, हातानेच.

ह्या इंजिनला साडेतीन लिटरच्या आसपास ऑईल लागतं, पण सगळं एकदम ओतू नका, आधी तीन लिटर घाला, एक मिनिट चालू करून बंद करा, खाली गळती बघा, गाडी सपाट जमिनीवर उतरवून दोन तीन मिनिटं थांबा आणि डिपस्टिक (ऑईलची लेव्हल दाखवणारी पट्टी) बघत बघत वरच्या खुणेपर्यंत न्या. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. "जुनी गाडी आहे, जाड ऑईल घाला" हा सल्ला झिजलेल्या टॅक्सीला ठीक असेल, ३८ हजार चाललेल्या इंजिनला नको. इंजिन फ्लश नावाच्या बाटल्या पण मी जुन्या इंजिनमध्ये घालत नाही, वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ एकदम सुटून ऑईलच्या बारीक वाटेत अडकू शकतो. त्याऐवजी पहिलं ऑईल तीनेक महिन्यातच परत बदला, हळूहळू साफ होतं.

टोपणाच्या आत पिवळसर, साईसारखा थर दिसला तर लगेच हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरचं सील, जे गेलं की कूलंट ऑईलमध्ये मिसळतं) गेलं असं समजू नका. छोट्या चकरा मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात ओलाव्याने हे होतं. पण डिपस्टिकवरही तसंच असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र गाडी थांबवा आणि दाखवा.

काळं ऑईल रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते रिसायकलवाला नेतो. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, प्लीज.

पायरी ५: कूलंट

गरम इंजिनचं रेडिएटर कॅप उघडायचं नाही. कपडा धरून पण नाही. प्रेशरखाली उकळतं पाणी असतं, चेहरा भाजतो. रात्री उभी करा, सकाळी उघडा.

उघडल्यावर आतलं पाणी चहासारखं तांबूस असेल तर कुणीतरी साधं पाणी टॉपअप करत आलंय. बोअरचं पाणी तर फारच वाईट, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. अशावेळी खालच्या ड्रेन प्लगमधून सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड करून परत काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत असं करा. मग नवीन कूलंट. बाटलीवर रेडी मिक्स लिहिलंय का काँसन्ट्रेट ते वाचा, रेडी मिक्समध्ये पाणी घालायचं नसतं, काँसन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. दोन वेगळ्या जातीची कूलंट मिसळू नका, रंग सारखा असला तरी जात वेगळी असू शकते.

हवा काढणं विसरू नका: हीटरची नॉब पूर्ण गरमवर, कॅप उघडं ठेवून इंजिन चालू, लेव्हल खाली गेली की भरत राहायचं, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू बंद झाला की झालं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅपच नवीन घ्या, स्वस्त वस्तू आहे आणि तिच्यामुळे गाड्या तापतात. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका, चव गोड असते, कुत्री मांजरं चाटतात आणि मरतात.

पायरी ६: ब्रेक, इथे घाई नको

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा शिरला की त्याचा उकळबिंदू खाली येतो, मग घाटात सतत ब्रेक लावत उतरताना ते आत उकळतं, वाफ होते, आणि पेडल एकदम पोकळ लागतं. वरंधा किंवा आंबेनळी उतरताना असं झालं तर काय होईल कल्पना करा. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, रनिंग शून्य असलं तरी. बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या डबीच्या झाकणावर डीओटी ३ का ४ लिहिलेलं असतं, हा ऑईलचा ग्रेड, टायरवरच्या डीओटीशी संबंध नाही, बाटली सीलबंदच घ्यायची, अर्धी उरलेली मागच्या वर्षीची वापरायची नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

बदलायला (ह्यालाच ब्लीडिंग म्हणतात) दोन माणसं लागतात. एक आत पेडलवर, एक चाकापाशी निपल (ब्रेकमधून ऑईल बाहेर सोडायचा छोटा बोल्ट) उघडायला, पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन. "दाब", मग "धरून ठेव", निपल उघडा, ऑईल येईल, निपल बंद, मग "सोड". निपल बंद झाल्याशिवाय आतल्याने पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा आत ओढली जाते. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, दर पाच सहा वेळा दाबल्यावर भरत राहा.

आणि कमी धावलेल्या गाडीसाठी एक खास गोष्ट, जी बरेच जण सांगत नाहीत. पेडल फरशीपर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं (पेडलचा दाब ब्रेक ऑईलला देणारा भाग) रबर एका ठराविक अंतरातच मागेपुढे होतं, त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षं ओलाव्याने गंज, खरखर जमलेली असते, तिथून रबर घासलं की फाटतं, आणि बरा असलेला मास्टर सिलिंडर ब्लीडिंग करताना जातो. पेडलखाली लाकडाचा जाडसर तुकडा ठेवा म्हणजे ते अर्ध्यातच थांबेल.

पुढच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर असेल तर दोन चार ब्रेकमध्ये निघून जातो. कॅलिपरच्या (डिस्कला पॅड दाबणारा भाग) सरकणाऱ्या पिना काढून पुसून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. ब्रेकची धूळ फुंकू नका, हवा मारू नका, मास्क घालून ब्रेक क्लीनरने धुवा.

मागचे ड्रम: पावसाळ्यात हँडब्रेक ओढून पंधरा दिवस गाडी उभी ठेवली की शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) ड्रमला चिकटतात आणि मागची चाकं जाम होतात. जास्त दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक खाली, पहिला गिअर, चाकांना ठोकळे. जाम झालीच तर रेस करून ओढत नेऊ नका, पुढे मागे हलकं हलवून बघा, नाही सुटली तर ड्रमवर रबरी हातोड्याने गोल गोल टकटक करा.

हे सगळं झाल्यावर पेडल दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे. स्पंजसारखं लागत असेल तर गाडी गेटबाहेर न्यायची नाही.

पायरी ७: प्लग, आणि टायमिंग बेल्टचा प्रश्न

आयडीएसआय इंजिनची गंमत म्हणजे चार सिलिंडरला आठ स्पार्क प्लग आहेत, प्रत्येकी दोन. चार पुढे सहज दिसतात, चार मागे काचेच्या बाजूला दडलेले, तिथे पोचायला वायपरखालचं पॅनल वगैरे सोडवावं लागतं. म्हणून पुष्कळ गाड्यांत पुढचे चार बदललेले असतात आणि मागचे जन्मापासून तेच. बिलावर चारच प्लग लावलेले दिसले की समजून जा. पुढचे घरी बदला, मागचे पहिल्या वेळी मेकॅनिकसोबत उभं राहून शिका. इंजिन थंड पाहिजे, प्लगच्या खड्ड्यातली माती आधी काढून टाका म्हणजे आत पडणार नाही, आणि नवीन प्लग सुरुवातीला फक्त एक्स्टेन्शन हातात धरून बोटांनी फिरवायचा. अडकला तर परत काढून सरळ लावा, पान्याने जबरदस्ती नाही.

टायमिंग, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी चेन किंवा बेल्ट: २००३ नंतरच्या सिटीला चेन आहे, एसएक्स४ ला पण. पण १९९८ ते २००३ ची पहिली सिटी, एस्टीम, जुनी बलेनो, पेट्रोल ॲक्सेंट ह्यांना रबरी बेल्ट आहे. तो बेल्ट किती जुना आहे हे बिलाने सिद्ध होत नसेल तर जुनाच समजा आणि बदलून घ्या, टेन्शनर आणि जमल्यास वॉटर पंपसकट. हे काम घरी पहिल्यांदा करू नका, एक दात चुकला की टायमिंग बिघडतं आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडून मोडतात.

गिअरबॉक्सचं ऑईल, पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचं ऑईल, ही पण वयावर बदलायची, आणि होंडाच्या सीव्हीटीमध्ये (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) फक्त सीव्हीटीसाठी सांगितलेलंच घालायचं, सुटताना गाडी थरथरत असेल तर सुरुवात ह्या ऑईलपासूनच करा.

पायरी ८: पेट्रोल

आता पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी एका हद्दीपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, जिथून पंप पेट्रोल खेचतो. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी फिरत राहते म्हणून हे फारसं जाणवत नाही, पण तुमची गाडी महिनोन्महिने उभी असते. २०२३ च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्यांचं रबर ह्या मिश्रणासाठी बनवलेलं नव्हतं. त्यामुळे महिन्याभरात संपेल एवढंच पेट्रोल टाका, जुन्यावर ताजं भरत राहा, आणि पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासून घ्या, कडक झाले असतील तर इंजेक्शनच्या प्रेशरचेच नवीन घाला.

पार्ट आणि कागद

ब्रेक, टायमिंग, सेन्सर हे ओरिजिनल किंवा नामांकित कंपनीचेच. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे जुन्या गाड्यांचे ट्रिम, लाइट, दरवाजाचे हँडल अशा वस्तू मिळतात, त्या वापरलेल्या घेतल्या तरी चालतात, पण वापरलेला ब्रेकचा पार्ट कितीही स्वस्त असो, नको. रबर घेताना "जुना स्टॉक आहे, ओरिजिनल पॅकिंग" म्हणून दहा वर्षांपूर्वीचा माल देऊ शकतात, तोही दुकानात बसून म्हातारा झालेला असतो, पाकिटावरची तारीख बघा. आणि स्कॅनर (इंजिनमधला बिघाड फोनवर दाखवणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर थांबा, आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीतली बिघाड नोंदवणारी यंत्रणा, सक्तीची झाली ती २०१० पासून, त्याआधीच्या गाडीत ते स्वस्त ब्लूटूथवालं यंत्र चालेलच असं नाही.

आरसीची मुदत १५ वर्षं असते, नंतर तपासणी होऊन पाच पाच वर्षांसाठी वाढते. तारीख जवळ आली असेल तर आरटीओत जाण्याआधी लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर घरीच तपासून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावणं बंधनकारक आहे. जुन्या बीएस ३ (धुराच्या प्रदूषणाचा जुना सरकारी दर्जा) गाडीची पीयूसी सहाच महिने चालते, वर्ष नाही.

वर्षभर बंद असलेली गाडी चालू करायची असेल तर

सरळ किल्ली फिरवू नका. आधी उंदीर बघा, मग ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईलची लेव्हल. पेट्रोल काढून वास घ्या, वार्निशसारखा आंबट वास येत असेल तर टाकी गॅरेजकडून रिकामी करून घ्या. बॅटरी चार्ज करून लावा. शक्य असेल तर पुढचे प्लग काढून इंजिन पान्याने हाताने दोन फेरे फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे. स्टार्ट झाल्यावर ऑईलचा लाल दिवा काही सेकंदात विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. रेस न करता पंखा लागेपर्यंत चालू ठेवा, खाली वाकून गळती बघा, सायलेन्सरमधून सुरुवातीला पांढरी वाफ येईल ती ओलावा संपला की थांबते.

पहिली चक्कर सोसायटीच्या आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, चार पाच वेळा ब्रेक दाबून बघत. मग दोन किलोमीटर, काचा खाली आणि म्युझिक बंद, वळताना पुढून कटकट येते का, खड्ड्यात ठोका लागतो का, ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते का ते ऐका. परत आल्यावर चारही रिमजवळ हात न लावता नुसता धरून बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय. काय काय केलं ते एका वहीत तारीख आणि किलोमीटर टाकून लिहा, बिल त्याच पानाला पिन करा, आणि पुढच्या आठवड्यात चाकांचे नट एकदा परत टॉर्क रेंचने तपासा.